‘नाही’चं बटण कुठाय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं, की हल्लीचे ज्येष्ठ नागरिक मोबाईलवर काय आलंय ते न वाचताच ‘ओके’ दाबतात आणि मग फसलो फसलो म्हणून बोंब मारतात, तेव्हा त्यांनी आधी नीट वाचायला शिकावं. सल्ला चांगलाय हो, पण या गृहस्थांनी स्वतः ते कधी वाचून बघितलंय का अशी मला शंका आहे. कारण वाचणाराच जास्त अडकतो. न वाचणारा निदान दाबून मोकळा तरी होतो.

आमच्या आईचं सांगतो. वय ८२, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, पेपर पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत वाचणारी, म्हणजे न वाचणाऱ्यांतली ती नव्हेच. तिच्या फोनवर नातवानं भजनांचं एक ॲप टाकून दिलंय. परवा दुपारी मी जेवायला घरी आलो तर ही फोन पुढे धरून स्वयंपाकघराच्या दारातच उभी.

‘‘हे काय विचारतंय रे?’’

बघितलं तर त्या ॲपला तिचे सगळे कॉन्टॅक्ट्स हवे होते. भजन ऐकवायला कॉन्टॅक्ट्स कशाला लागतात ते एका पांडुरंगालाच ठाऊक.

‘‘नाही म्हण.’’

‘‘अरे पण नाही कुठाय इथे?’’

म्हणलं दाखव. खरंच नव्हतं. वर हे एवढं मोठं भगवं बटण, ‘परवानगी द्या’, आणि त्याच्या खाली फिकट राखाडी रंगात, बटण पण नाही, नुसतीच एक ओळ, ‘आत्ता नको’. मी म्हणलं ते खालचं दाब. तर म्हणाली, ‘‘मला आत्ताही नकोय आणि नंतरही नकोय. आत्ता नको म्हणलं तर उद्या परत येईल ना हा.’’ हा म्हणजे जसा काही दारात गीझर विकणारा उभा आहे. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी तो परत आला. तिसऱ्या दिवशीही आला.

तीस वर्षं मी कॉम्प्युटरपुढे बसून पोट भरतोय पण हे असं सरळ कधी डोक्यात आलं नव्हतं. वैताग यायचा, पण नक्की कशाचा ते सांगता येत नव्हतं. आईनं सांगितलं. ‘नाही’चं बटण काढून टाकलंय, त्याचा वैताग.

मी डीटीपीवाला. नारायण पेठेत दहा बाय बाराचं दुकान आहे, पूर्वी वाड्यात होतं, आता वाड्याच्या जागी झालेल्या बिल्डिंगच्या पार्किंगला लागून आहे. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांची पानं, हल्ली जास्त करून फ्लेक्स आणि व्हॉट्सॲपवर पाठवायच्या पत्रिका. कॉम्प्युटर शिकलो १९९२ साली, टिळक रोडवरच्या एका क्लासात, तिथे एसीची खोली असल्यामुळे देवळासारख्या चपला बाहेर काढून आत जायचं आणि आत काळ्या स्क्रीनवर डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीची, हुकूम टाइप करून चालवायची सिस्टीम. एखाद्या डिरेक्टरीतल्या सगळ्या फाइली उडवायला सांगितल्या की डॉस विचारायचं, सगळ्या फाइली जातील, खात्री आहे का, आणि पुढे दोनच अक्षरं, वाय आणि एन. विषय संपला. एन दाबला की काहीही व्हायचं नाही, वाय दाबला की सगळं जायचं, आणि गेलं की गेलं, बसा रडत. अख्खी हार्डडिस्क फॉरमॅट करायला निघालात तरी तेच, वाय का एन. फ्लॉपी नीट बसली नसली की ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल’ असं तिरसटासारखं विचारायचं, त्यातल्या ‘फेल’चा अर्थ आमच्या सरांनाही धड सांगता यायचा नाही, पण तीन पर्याय दिलेत तर तीन वेगळ्या गोष्टी व्हायच्या एवढं नक्की. उद्धट होतं म्हणा ना. पण तोंडावर बोलणारं होतं, मागे लागणारं नव्हतं. ज्या गावात दुकानदार स्वतःच्या गिऱ्हाइकाला ‘एक ते चार बंद’ असं पाटी लावून सांगतो त्या गावच्या माणसाला असं यंत्र आवडलं नसतं तरच नवल.

पुढे विंडोज ९५. अमेरिकेत ते ऑगस्ट १९९५ मध्ये आलं, माझ्या दुकानात यायला आणि मला परवडायला ९७ साल उजाडलं. त्यात फाइल बंद करताना एक छोटी खिडकी यायची, बदल सेव्ह करायचे का, येस, नो, कॅन्सल. मला विचाराल तर गेल्या चाळीस वर्षांत कॉम्प्युटरवाल्यांनी केलेली ही सगळ्यात सभ्य गोष्ट. येस म्हणजे ठेव, नो म्हणजे दे टाकून, आणि कॅन्सल म्हणजे अरे थांब थांब, मी चुकून बंद करत होतो. त्या वेळी माणसाच्या मनात जे काही असू शकतं ते सगळं त्या तीन बटणांत बसायचं, चौथं काही उरायचंच नाही. ऑफिस ९७ मध्ये तो डोळे फिरवणारा पेपरक्लिप आला, क्लिपी, पत्र लिहायला घेतलं की टपकलाच, पत्र लिहिताय वाटतं, मदत करू का. सगळं जग वैतागलं त्याच्यावर. पण त्यालाही राइट क्लिक करून हाकलता यायचं, आणि ऑफिस २००७ मध्ये तर त्याला कायमचा नारळ दिला. आज प्रत्येक खिडकीत जो एक एआयवाला मदतनीस येऊन बसलाय ना, त्याच्यापुढे क्लिपी म्हणजे अगदी घरंदाज माणूस वाटतो.

मग हे बिघडलं कधी? माझ्या मते याचा महिनासुद्धा सांगता येतो. मे २०१६. विंडोज १० फुकट घ्या म्हणून मायक्रोसॉफ्ट तेव्हा जुन्या विंडोजवाल्यांच्या मागे हात धुऊन लागली होती, आणि अपग्रेडच्या त्या खिडकीची कोपऱ्यातली लाल फुली दाबली तर ती ‘नको’ न समजता ‘ठरल्या वेळी अपग्रेड होऊ दे’ अशी समजली जायला लागली. म्हणजे बघा, वीस वर्षं जगभरच्या माणसांनी फुली म्हणजे बंद, फुली म्हणजे नको हे शिकून घेतलं, आज्यांना शिकवलं, क्लासमध्ये पैसे भरून शिकलो आम्ही, आणि एक दिवस फुलीचा अर्थच फिरवला. ओरड झाली, जूनमध्ये त्यांनी ते सुधारलं, आणि डिसेंबरात कंपनीच्या मार्केटिंगच्या मुख्य माणसानं आमचं जरा जास्तच झालं असं कबूलही केलं. कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीवाल्या बाईंचा कॉम्प्युटर त्या अपग्रेडनंतर धड चालेना, त्या सरळ छोट्या दाव्यांच्या कोर्टात गेल्या आणि १०,००० डॉलर वसूल केले. मला या बाई फार आवडतात. इकडे जन्मल्या असत्या तर सदाशिव पेठेतच राहिल्या असत्या.

मायक्रोसॉफ्टनं ती फुली पुन्हा सरळ केली पण बाकीच्या सगळ्यांनी त्यातून भलताच धडा घेतला. फुलीचा अर्थ बदलला तर लोक कोर्टात जातात, त्यापेक्षा ‘नाही’च्या जागी ‘नंतर’ लिहा, कोण काय करणार? नोटिफिकेशन चालू करायची का, हो किंवा नंतर. ॲपला पाच तारे द्यायचे का, हो किंवा नंतर. लोकेशन, कॉन्टॅक्ट्स, नवीन प्लॅन, नवीन व्हर्जन, सगळीकडे तेच. आता मराठीत ‘नंतर’ हा नकाराचाच एक सभ्य प्रकार आहे, ‘वर्गणी नंतर देतो’ म्हणलं की मंडळाच्या पोरांना काय समजायचं ते समजतं आणि ती पुढच्या दुकानात जातात. कॉम्प्युटरला ते समजत नाही असं नाही. समजतं, आणि तो न समजल्यासारखं करतो.

माझा स्वतःचा अनुभव म्हणाल तर पीडीएफच्या एका ॲपचा, नाव घेत नाही कारण नाव बदलून दुसऱ्या कुणाचंही घातलं तरी गोष्ट तीच राहील. गिऱ्हाइकानं पाठवलेल्या एका स्कॅनमध्ये दुरुस्ती करायची होती, सात दिवस फुकट म्हणून घेतलं, एका टिचकीत चालू झालं, कार्डाचा नंबर टाका, झालं. सहाव्या दिवशी बंद करायला गेलो. आधी ते कुठून बंद करायचं तेच सापडेना. अकाउंटमध्ये जा, मग प्लॅनमध्ये जा, मग ‘प्लॅन मॅनेज करा’, त्यात ‘बंद करा’ नाहीच, ‘इतर पर्याय’ म्हणून एक बारीक ओळ. ती दाबली तर एक रडणारी बाहुली. तुम्ही चाललात याचं आम्हाला वाईट वाटतंय. खाली दोन बटणं, ‘मी थांबतो’ आणि ‘मला माझे फायदे सोडून द्यायचे आहेत’. अरे, मी काय संन्यास घ्यायला निघालोय का! दाबलं ते. तर पुढच्या पानावर कारण विचारलं, ते दिलं, मग निम्म्या किमतीत घ्या म्हणाले, नको म्हणलं, मग म्हणाले ईमेल पाठवलाय त्यातल्या लिंकवरून पक्कं करा. एवढ्यात दुकानात पत्रिकेचं प्रूफ बघायला मुलीकडचे सहा जण आले, त्यात आत्याबाईंचं नाव काकूंच्या वर का खाली यावर अर्धा तास वाद, आणि ती लिंक राहून गेली. दुसऱ्या दिवशी ४९९ रुपये गेले. चालू करायला एक टिचकी आणि बंद करायला अकरा, मी नंतर मुद्दाम मोजल्या.

आता तुमचे पत्रलेखक म्हणतील, वाचायचं ना नीट. अहो अक्षर न् अक्षर वाचलं. प्रूफ वाचणं हा माझा धंदा आहे.

खरं तर यंत्रांना एकट्यांना कशाला बोला, आपणही तेच शिकलोय. व्हॉट्सॲपचे ग्रुप घ्या. कुणीतरी कुणालातरी न विचारता ग्रुपमध्ये ओढायचं, मग सकाळी फुलांचे फोटो, आणि बाहेर पडलं की पूर्वी खाली ठळक दिसायचं अमुक अमुक लेफ्ट, की लगेच फोन, काय हो रागावलात का. आमच्या मावसबहिणीच्या मुलीच्या मंगळागौरीचा ग्रुप होता, मंगळागौर होऊन त्या मुलीला मूल झालं, मूल बालवाडीत जायला लागलं, ग्रुप अजून चालू आहे आणि ४३ जण त्यात आहेत, एकाचीही बाहेर पडायची छाती नाही. व्हॉट्सॲपनं २०१९ मध्ये तुम्हाला ग्रुपात कोण ओढू शकतं याचं सेटिंग दिलं, २०२२ मध्ये गुपचूप बाहेर पडायची सोयही केली, आता तुम्ही गेलात याची सूचना फक्त ॲडमिनला जाते. म्हणजे ‘नाही’चं बटण त्यांनी दिलं बरं का, हे त्यांच्या बाजूनं लिहायला हवं. पण आमच्या ग्रुपची ॲडमिन मावसबहीणच आहे.

बरं, हा नुसता माझा आणि आईचा चिडचिडेपणा असता तर तुम्हाला पत्र लिहिलं नसतं. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला याच फसवाफसवीवर मार्गदर्शक तत्त्वं काढलीत. ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात याला, हॅरी ब्रिग्नल नावाच्या इंग्लंडमधल्या एका डिझायनरनं २०१० मध्ये हे नाव पाडलं. आपल्या सरकारनं १३ प्रकार नावानिशी दिलेत. दोनच नग शिल्लक आहेत अशी खोटी घाई, पिशवीत हळूच एखादी वस्तू जास्तीची सरकवणं, टोमणा मारून हो म्हणायला लावणं (माझ्या फायदे सोडण्याच्या बटणाचं गोत्र हेच), आत शिरणं सोपं आणि बाहेर पडणं अवघड अशी वर्गणी, आणि त्यातच एक आहे नॅगिंग. म्हणजे भुणभुण. आणि त्या भुणभुणीच्या उदाहरणांत चक्क लिहिलंय, की नोटिफिकेशन चालू करा, कुकीज घ्या असं सारखं विचारत राहायचं आणि ‘नाही’ म्हणायचा पर्यायच द्यायचा नाही. आईला मी हे वाचून दाखवलं तर म्हणाली, मग सरकारला माहिती आहे की. माहिती आहे. २०२३ चाच तो डिजिटल डेटाचा कायदा, त्यातही लिहिलंय की संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे. एकाला एक टिचकी, अकराला अकरा. जून २०२५ मध्ये प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रीवाल्यांना सांगितलं, तीन महिन्यांत तुमचं तुम्हीच तपासा आणि असले प्रकार काढून टाका. तुमचं तुम्हीच तपासा! आमच्या शाळेत वहीच्या शेवटच्या पानावर उत्तरं असायची तेव्हा आम्हीही आमचं आम्हीच तपासायचो, पैकीच्या पैकी.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करतो, नाहीतर उद्या कुणीतरी हिंजवडीतला मुलगा उत्तर लिहील की काका, अपडेट तुमच्याच भल्यासाठी असतात. असतात. मे २०१७ मध्ये तो वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, इंग्लंडातल्या सरकारी हॉस्पिटलांची कामं ठप्प झाली, आणि त्यावरचं औषध मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेलं होतं, ज्यांनी ते नंतर नंतर म्हणत लावलं नाही तेच जास्त अडकले. तेव्हा सुरक्षेचं अपडेट सक्तीचं करा, माझी काही हरकत नाही. पण मग विचारू नका! सक्ती आहे असं सांगा आणि करा. चौकातला पोलीस हेल्मेटसाठी अडवतो तेव्हा ‘आत्ता घालता की नंतर आठवण करू’ असं विचारत नाही, पावती फाडतो. पुणेकरांनी हेल्मेटवर किती वर्षं भांडण केलं ते जगाला माहिती आहे, आणि भांडता आलं कारण समोर सरळ सक्ती होती. या ‘नंतर’शी भांडायचं कसं? तो तर हसून निघून जातो आणि उद्या परत येतो.

आणि भांडलं की मिळतं, याचं ताजं उदाहरण आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांची मशीन ११ ला चालत नाहीत त्यांना एक वर्ष सुरक्षेची अपडेट्स जास्तीची मिळतील म्हणाले, पण अट अशी, की त्यांचं खातं उघडून सेटिंग्ज त्यांच्या क्लाऊडवर पाठवा, नाहीतर ३० डॉलर द्या, नाहीतर त्यांचे १,००० रिवॉर्ड पॉइंट द्या. आम्हाला ही अट तशीच ठेवली. युरोपात तिथल्या ग्राहक संघटनेनं हे कायद्यात बसत नाही म्हणून आवाज केला, तर त्या देशांपुरती ती क्लाऊडची अट काढली. काम तेच, कॉम्प्युटर तेच, फक्त तिकडे कुणीतरी ठणकावून नाही म्हणलं. संपादक महोदय, बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत याच पुण्यात काढली होती, १९७४ साली, तेव्हा दिवाळीत साखर तेल कुठल्या भावानं मिळतंय यासाठी लोक रस्त्यावर यायचे. त्यांच्याच गावात आज कुणी ४९९ रुपयांसाठी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोन लावत नाही. मीही लावला नव्हता. हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा लाज वाटून लावला, तक्रारीचा नंबर आलाय, पुढचं पुढे.

माझा घरचा लॅपटॉप विंडोज ११ न चालणाऱ्यांच्या त्याच यादीतला. २०१६ चा, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, विंडोज ११ ला आठवी पिढी लागते आणि टीपीएम २.० नावाची चिप लागते. की-बोर्डवरचा ‘क’ जरा घट्ट झालाय सोडलं तर काही रोग नाही त्याला. तपकीर गल्लीत एका दुकानात दाखवला तर तो पोरगा लॅपटॉप न उघडताच म्हणाला, काका हा आता भंगार, एक्स्चेंजमध्ये दीड हजार देतो. न उघडता! डॉक्टरसुद्धा निदान नाडी बघतो. मी म्हणलं आण इकडे, आणि घरी येऊन भाच्याला बसवून त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटातली सिस्टीम टाकली.

लिनक्सचं कौतुक मी तीस वर्षं ऐकतोय. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीत एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं हौस म्हणून करतोय असं जाहीर केलं, त्याच वर्षी आपल्या सी-डॅकनं इथे विद्यापीठाच्या आवारात परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर केला, आणि आज जगातले पहिले ५०० सुपरकॉम्प्युटर आहेत ते झाडून सगळे लिनक्सवर चालतात, हे सगळं खरं असलं तरी मला त्याचा काडीचा उपयोग नव्हता कारण माझं पानं लावायचं पेजमेकर त्यावर चालत नाही, कोरल चालत नाही आणि जुन्या फॉन्टातल्या फाइली उघडल्या की ‘श्री गणेश प्रसन्न’च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची भेळ दिसते. अजूनही दिसते, लिनक्सच्या भक्तांनी रागावू नये. दुकानातली कामं मी दुकानातच करतो, तिथे एक एक्सपीचं मशीन आहे, त्याला इंटरनेटची वायर लावलेली नाही, मागे डोंगल खोचलेला आहे तो सॉफ्टवेअरच्या परवान्याचा, इंटरनेटचा नव्हे, आणि ते कुणालाही काही विचारत नाही. पण घरी ईमेल, बँक, यूट्यूबवरची कीर्तनं आणि अधूनमधून युनिकोडमध्ये काही लिहायचं, त्याला हा लॅपटॉप आता पळतोय. मराठी की-बोर्ड बसवायला अर्धा तास गेला, प्रिंटरला अख्खी संध्याकाळ गेली, भाचा दोनदा चिडला. अपडेट आलंय असं हेही सांगतं, पण स्वतःहून बसवत नाही, आणि आठवण करू नको म्हणलं तर करत नाही. मी करून बघितलं.

तर त्या संध्याकाळी भाच्यानं चित्रं काढायचं इंकस्केप टाकायला टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची ती काळी खिडकी, उघडली. पांढऱ्या अक्षरांत एवढं एवढं उतरवायचंय, डिस्कवर एवढी जागा जाईल, पुढे जायचं का, आणि शेवटी कंसात, वाय आणि एन. वाय मोठा आणि एन छोटा, म्हणजे नुसतं एंटर मारलं की हो, एवढा पक्षपात तिथेही आहे. पण एन होता. १९९२ नंतर मला तो असा स्वच्छ दिसला नव्हता. भाचा म्हणाला मामा एंटर मारा. मी एन दाबला. त्यानं खाली एकच शब्द छापला, ‘अबॉर्ट’, आणि कर्सर लुकलुकत राहिला. बाकी काही नाही. बाहुली रडली नाही, कारण विचारलं नाही, निम्म्या किमतीत देऊ का म्हणालं नाही. आई मागे वाती वळत बसली होती, तिला हाक मारून दाखवलं, म्हणलं बघ, हे घे तुझं नाही. ती चष्मा वर करून जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘गप्प बसलं की लगेच.’’ मग भाच्यानं परत कमांड दिली आणि आम्ही हो म्हणलं.

आपला,
एक डीटीपीवाला
नारायण पेठ, पुणे

ता. क. हे पत्र तुम्ही छापलंत तर तुमच्या वेबसाइटवरही येईल आणि आई ते तिथेच वाचणार, तिथे अक्षर मोठं करता येतं म्हणून. तुमची साइट उघडली की बातमीवर आधी एक पट्टी येते, ताज्या बातम्यांच्या सूचना हव्यात का. त्यात दोन बटणं आहेत, ‘होय’ आणि ‘नंतर’. तेवढं बघा.